विटांच्या भिंतीवर लोखंडी अँगलचं लिंटल : हिशोब, बसवणी आणि गंज (बडोदा; चर्चा, प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

ओळंबा

मांजलपूर, गोत्री, वाघोडिया रोड, जिकडे बघावं तिकडे रो-हाउसमध्ये भिंत फोडून हॉल आणि स्वयंपाकघर एक करायची कामं निघाली आहेत. वरच्या विटा कशावर उभ्या राहणार, ही चर्चा बहुतेक ठिकाणी एका वाक्यात संपते: "पन्नासचा अँगल टाकून देतो." (म्हणजे ५० मिमी बाजूंचा, एल आकाराचा लोखंडी तुकडा.) अँगल तुटून पडला असं सहसा होत नाही, म्हणून पुढे कुणी विचारत नाही. पण लिंटलचा, म्हणजे ओपनिंगवरच्या विटा पेलणाऱ्या आडव्या तुकड्याचा, प्रश्न तुटण्याचा नसतोच. ते वाकतं, आणि विटेला ते वाकणं सोसत नाही. प्लास्टर होऊन सहा महिने गेले की चौकटीच्या वर उलट्या व्हीसारखी चीर दिसते आणि दोष रंगाऱ्याला लागतो.

एक उदाहरण पूर्ण सोडवतो. आकडे तपासा, चुकलं तर सांगा.

९ इंची भिंत, ओपनिंग १.८ मीटर. दोन्ही टोकांना १५० मिमी बेअरिंग (भिंतीवर टेकणारा भाग), म्हणजे हिशोबाचा स्पॅन बेअरिंगच्या मध्यापासून मध्यापर्यंत १.९५ मीटर. वर भरपूर उंच भिंत आहे आणि मध्ये कुठेही स्लॅब नाही असं धरू. गोदामाची भिंत, जिन्याचा उंच खण किंवा डबल हाइट हॉल डोळ्यांपुढे आणा. अशा ठिकाणी विटा आपोआप कमानीसारखं वजन बाजूला ढकलतात आणि लिंटलवर फक्त समभुज त्रिकोणातलं वजन येतं. त्रिकोणाची उंची ०.८६६ × १.९५ = १.६९ मीटर, क्षेत्रफळ १.६५ चौ. मीटर.

भिंतीचं वजन: ०.२३ × २० = ४.६, दोन्हीकडचं प्लास्टर धरून ५.२ किलोन्यूटन प्रति चौ. मीटर. एकूण वजन सुमारे ८.६ किलोन्यूटन. त्रिकोणी भाराचा बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर) वजन × स्पॅन ÷ ६, म्हणजे २.७८. अँगलचं स्वतःचं वजन मिळवून २.९ किलोन्यूटन-मीटर. सुरक्षिततेसाठी १.५ ने गुणून ४.३५. पाठीला पाठ लावून दोन अँगल असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला २.१७.

आता ७५×७५×६ (दोन बाजू आणि जाडी, मिमीत) बघा. झेड, म्हणजे वाकवणारा जोर पेलायचं छेदाचं माप, ८.४ घन सेंमी, २५० ग्रेडच्या लोखंडाला क्षमता ८.४ × २५० ÷ १.१, म्हणजे १.९१. कमी पडला. १००×७५×६ चा झेड १४.४, क्षमता ३.२७. बसला.

पण खरी परीक्षा वाकण्याची. त्रिकोणी भाराला सूत्र डब्ल्यू × स्पॅनचा घन ÷ ६०ईआय (डब्ल्यू वजन, ई लोखंडाचा ताठपणा, आय छेदाचा), आणि इथे वजन १.५ ने न गुणता घ्यायचं, प्रत्येक अँगलला ४.२८ किलोन्यूटन. ७५ चा अँगल ५.८ मिमी झुकतो, १००×७५×६ हा २.६ मिमी. विटकामाखालच्या लिंटलला अमेरिकी गवंडीकाम संहिता स्पॅनच्या ६०० व्या भागाची मर्यादा घालते: इथे ३.२५ मिमी. आयएस ८०० (लोखंडी बांधकामाची भारतीय संहिता) मध्ये तडे जाण्याजोग्या कामासाठी ३६० वा भाग आहे, म्हणजे ५.४ मिमी. ७५ चा अँगल त्यातही नापास. आणि तो "पन्नासचा"? ५०×५०×६ चा झुकाव २० मिमीच्या वर जातो. एवढं झुकेपर्यंत वीट थांबत नाही.

माझं उत्तर: दोन १००×७५×६, लांब बाजू उभी. लांबी २.१ मीटर, दोन्ही मिळून ३३.६ किलो.

गुण्या

ओळंबा, हिशोब बरोबर आहे, पण निवड दोन कारणांनी बदलायला हवी.

पहिलं. लिंटल दोन टोकांवर टेकलेलं असतं, त्यामुळे दाब वरच्या कडेला येतो. तुमच्या अँगलची उभी बाजू वर आहे, म्हणजे दाब येतो तो नेमका तिच्या मोकळ्या टोकावर. आयएस ८०० च्या कोष्टक २ प्रमाणे एकट्या अँगलच्या बाजूची लांबी भागिले जाडी १५.७ च्या वर गेली की तो सडपातळ वर्गात जातो. १०० ÷ ६ = १६.७. पूर्ण झेड वापरायची मुभा तिथे संपते. मसाला भरल्यावर त्या कडेला दोन्हीकडून आधार मिळतो हे खरं, पण बांधकाम चालू असताना तो नसतो. ८ मिमी घेतलं की १२.५ वर येतो आणि प्रश्न मिटतो.

दुसरं. वीट ११० मिमी रुंद. ७५ च्या आडव्या बाजूतून उभ्या बाजूची जाडी वजा करा: टेकायला उरले ६९. विटेची निदान दोन तृतीयांश रुंदी लोखंडावर हवी, म्हणजे ७३ च्या पुढे. थोडक्यात हुकतंय, पण हुकतंय. शिवाय असमान बाजूंचा अँगल दुकानात सहज मिळत नाही, मागवावा लागतो. १००×१००×८ कुठेही मिळतो. आय १४५, झेड २०, क्षमता ४.५५, झुकाव १.८ मिमी. आडवी बाजू ११५ च्या अर्ध्या भिंतीत कडेपासून १५ मिमी आत राहते, प्लास्टरमध्ये झाकली जाते. वजन ४.२ मीटर × १२.१ = जवळजवळ ५१ किलो. १७ किलो लोखंड जास्त, पण मनात शंका उरत नाही.

आडवी बाजू स्वतः वाकेल का, हेही बघून ठेवा. मध्यावर एका अँगलला ४.४ न्यूटन प्रति मिमी भार, विटेचा मध्य मुळापासून साधारण ५० मिमीवर. ६ मिमी जाडीत ताण ३७ न्यूटन प्रति चौ. मिमी, ८ मध्ये २१. दोन्ही चालतात. पण ग्रिलचं काम करणारे ३-४ मिमीचे अँगल देऊ बघतात. बाहेरच्या भिंतीत ६ च्या खाली जाऊ नये. गंजाला खायला थोडं लोखंड शिल्लक हवं.

ओळंबा

दोन्ही मुद्दे मान्य. १००×१००×८ च ठेवतो. वरच्या कडेच्या दाबाचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

थापी

डिझाइनवाले बोलले, आता कडियाच्या (गवंड्याच्या) बाजूने एक अडचण सांगते. कागदावर ती दिसत नाही आणि साइटवर पहिल्या तासात समोर येते.

दोन अँगल पाठीला पाठ लावले की भिंतीच्या बरोबर मध्यावर १६ मिमी जाडीची लोखंडी भिंत उभी राहते. म्हणजे पहिल्या थरात आडवी वीट, भिंतीच्या आरपार जाणारी, लावताच येत नाही. सगळ्या विटा लांबीला लावायच्या. आता उंची मोजा: १०० च्या अँगलची उभी बाजू आडव्या बाजूच्या वर ९२ मिमी. आपला थर ७० ची वीट आणि १० चा मसाला, म्हणजे ८०. तेव्हा लोखंड दुसऱ्या थरात १२ मिमी घुसतं. दुसऱ्या थरातही आरपार वीट नाही. तिसऱ्या थरापासून जोड सुरू. हे आधी सांगितलं नाही तर कडिया दुसऱ्या थराला विटेची खालची कड फोडून बसवतो, आणि फोडलेली वीट नेमकी लिंटलच्या मध्यावर येते.

मध्ये १६ मिमी गेल्यामुळे दोन विटा आणि लोखंड मिळून २३६ होतात. ते ६ मिमी प्लास्टरमध्ये घ्या, वीट घासत बसू नका. उभ्या बाजू आणि विटा यांच्या मधली फट मसाल्याने ठासून भरायची. रिकामी सोडली की पाणी तिथेच साचतं.

दोन अँगल सुटे ठेवू नका. १२ मिमी बोल्ट दर ४५० ला, किंवा वरच्या कडेला ५० मिमीचे वेल्ड दर ३०० ला. सुटे असले की ज्या बाजूची भिंत आधी चढते तो अँगल पीळ घेतो आणि बाहेर कलतो.

आणि खाली टेकू लावा! नवीन भिंत असेल तर मसाला ओला असताना कमान नावाची गोष्टच नसते. त्रिकोण वगैरे सगळं मसाला धरल्यानंतरचं. तोवर चढवलेल्या सगळ्या थरांचं वजन लिंटलवर आहे. १.२ मीटरच्या वर ओपनिंग असेल तर मध्ये एक टेकू, सात दिवस.

रावपुराकर

एक शंका. काही तक्त्यांमध्ये त्रिकोण ४५ अंशांचा धरतात. तसं केलं तर उंची स्पॅनच्या निम्मी, वजन ८.६ ऐवजी ४.९ किलोन्यूटन. एवढा फरक. मग ६० अंश धरून उगाच लोखंड वाढवतोय का आपण?

ओळंबा

४५ अंश अमेरिकी पद्धतीत आहेत, आणि तिथे त्याबरोबर मसाल्याच्या प्रतीच्या, बाजूच्या भिंतीच्या आणि वरच्या उंचीच्या अटी येतात. त्रिकोण तेवढा उचलायचा आणि अटी तिथेच ठेवायच्या असं चालत नाही. आपल्याकडच्या पद्धतीत समभुज त्रिकोण आहे, आपल्या विटा आणि मसाला बघता तोच धरा. तसंही १.८ मीटरला आडव्या बाजूच्या रुंदीमुळे १०० चा अँगल लागतोच, ४५ अंश धरून काही वाचत नाही.

गुण्या

रावपुराकर, अंशांपेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे: तुमच्या घरात त्रिकोण तयार व्हायला जागा आहे का? तो गृहीत धरायला तीन गोष्टी हव्यात. ओपनिंगच्या दोन्ही बाजूंना स्पॅनच्या निम्मी सलग भिंत, इथे ०.९८ मीटर. त्रिकोणात दुसरी खिडकी नको. आणि स्लॅब त्रिकोणाच्या आत किंवा शेंड्याच्या वर २५ सेंमीच्या आत नको.

आता आपलं साधं घर घ्या. लिंटल २.१ मीटरवर, स्लॅब ३ मीटरवर. मध्ये विटा ०.९ मीटर. त्यातले २५ सेंमी सोडले की ०.६५ उरतात, भागिले ०.८६६: म्हणजे स्पॅन ०.७५ मीटरच्या वर गेला की स्लॅब त्रिकोणाच्या हिशोबात आला! ०.७५ मीटर म्हणजे बाथरूमचं दार. भार पेलणाऱ्या भिंतींच्या घरात बाकी प्रत्येक ओपनिंगला स्लॅबचं वजन धरायचं आहे, आणि बहुतेक जण फक्त त्रिकोण धरून मोकळे होतात. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

१.८ मीटरचं तेच ओपनिंग घ्या. खोली ३.५ मीटर, स्लॅब १२० मिमी. स्लॅब ३, फरशी वगैरे १.५, माणसं-सामान २, मिळून ६.५ किलोन्यूटन प्रति चौ. मीटर. भिंतीवर निम्मी खोली: ११.४ प्रति मीटर. ०.९ मीटर विटा ४.७. स्वतःचं वजन धरून १६.४. मोमेंट ७.८, गुणून ११.७, एका अँगलला ५.८५. १००×१००×८ ची क्षमता ४.५५. नापास. स्लॅब दोन्ही बाजूंनी टेकत असेल किंवा वर आणखी मजला असेल तर विचारूच नका.

स्लॅब आला की अँगल सोडा, चॅनल घ्या. दोन आयएसएमसी १२५ (सी आकाराचा, १२५ मिमी उंचीचा चॅनल), पाठीला पाठ, खाली २०० रुंद ६ मिमी पट्टी वेल्ड करून. झुकाव १.९ मिमी. आयएसएमसी १०० ताकदीत पास होतो पण ४.१ मिमी झुकतो, म्हणून तो नको.

अवनी

आरसीसी फ्रेमच्या इमारतींबद्दलही कुणीतरी लिहा. अलकापुरीपासून वासणापर्यंत बहुतेक फ्लॅट तसेच आहेत आणि तिथे भिंत स्लॅब उचलत नाही. बीमचा तळ २.६ मीटरवर, लिंटल २.१ वर, मध्ये विटा अर्धा मीटर.

ओळंबा

अवनीताई, बरोबर, तिथे काम हलकं होतं. त्रिकोण विसरा, अर्ध्या मीटरचा सरळ पट्टा धरा: २.६ आणि स्वतःचं वजन, २.८५ किलोन्यूटन प्रति मीटर. १.८ च्या ओपनिंगला एका अँगलवर गुणलेला मोमेंट १.०२. ५०×५०×६ ची क्षमता ०.८२, इथेही नापास, आणि झुकाव १० मिमी. ६५×६५×६ ताकदीत पास, पण ४.६ मिमी झुकतो. ७५×७५×६ ला ३ मिमीच्या किंचित आत. तो घ्या. २.४ मीटरला ७५ चा ८.६ वर जातो, ९०×९०×६ सुद्धा ४.९, मर्यादा ४.२५. तिथे १००×१००×८, २.७ मिमी.

०.९ च्या दाराला ५० चा अँगल झुकावात आणि ताकदीत पास होतो. पण आडव्या बाजूवर वीट टेकते ४४ मिमी, ११० पैकी. ती लोखंडावर बसत नाही, मसाल्याला चिकटून लटकते. म्हणून ५०, ६५, ७५ यातला कुठलाही वापरायचा तर खाली २००×६ ची पट्टी वेल्ड करून घ्या. पट्टीचं वजन मीटरला ९.४ किलो.

थापी

फ्रेमच्या इमारतीत अजून एक पथ्य. बीमखालचा शेवटचा थर लगेच ठासून भरू नका. भिंत चढल्यावर निदान आठवडा जाऊ द्या, आणि वरच्या मजल्यांच्या भिंती झाल्यावर भरलात तर उत्तम. बीम भार घेताना खाली येतो. फट ठासलेली असेल तर त्याचं वजन विटांमधून तुमच्या ७५ च्या अँगलवर येतं, आणि त्याचा हिशोब अर्ध्या मीटर विटांचाच केलेला असतो.

अवनी

आणि कोपऱ्याची खिडकी? घराच्या कोपऱ्यापासून ३५० मिमीवर खिडकी सुरू होते, असे नकाशे सारखे येतात.

गुण्या

३५० मिमीच्या तुकड्यावर कमान टेकत नाही. कमान नेहमी बाहेर ढकलते. ते ढकलणं अडवायला एकतर जड भिंत हवी नाहीतर ताण घेणारी पट्टी. अहमदाबादच्या आयआयएममध्ये वास्तुकार लुई कान यांनी विटांच्या पसरट कमानींची टोकं काँक्रीटच्या पट्टीने बांधली, ती याचसाठी. आपल्या खिडकीत त्रिकोण धरू नका, वरची पूर्ण भिंत आणि स्लॅब धरा, आणि अँगलच्या नादी न लागता आरसीसी लिंटल करून ते लिंटल बँडमध्ये मिसळा.

बँडचा विषय निघाला म्हणून सांगतो, कारण गैरसमज पसरलेला आहे. बडोदा भूकंपाच्या दृष्टीने २०१६ च्या आयएस १८९३ प्रमाणे झोन ३ मध्ये आहे. भार पेलणाऱ्या भिंतींच्या घरात आयएस ४३२६ प्रमाणे सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा बँड लागतो: दोन सळ्या असतील तर किमान ७५ मिमी जाड, चार असतील तर १५०. अँगल हा बँडचा पर्याय नाही. अँगल एका ओपनिंगपुरता विटा उचलतो, बँड भूकंपात चारही भिंतींना एकत्र धरतो. जुन्या घरात ओपनिंग मोठं करताना बँड लागला तर तो कापायचा नाही. ओपनिंगची उंची बँडच्या खाली आणा.

रावपुराकर

४.५ इंची पार्टिशनला एकच अँगल चालेल ना? दार ०.९ चं.

गुण्या

एकटा अँगल पीळ घेतो. अँगलचं पिळाचं केंद्र दोन बाजू मिळतात त्या कोपऱ्यात असतं आणि विटांचं वजन त्यापासून ५५-६० मिमी दूर. भिंत एका बाजूला कलायला लागते, डोळ्याला दिसत नाही पण प्लास्टरला कळतं. १ मीटरपर्यंतच्या दाराला ११५ × ७५ ची तयार आरसीसी पट्टी, तळाला ८ मिमीच्या दोन सळ्या. स्वस्त, गंज नाही, पीळ नाही. फक्त सळ्यांची बाजू खाली आली पाहिजे. ओतताना वरच्या बाजूला खडूने बाण काढून ठेवा; उलटी बसवलेली पट्टी बघून ओळखता येत नाही.

मांडवीकर

सगळे आकडे ताकदीचे चाललेत. लोखंडी लिंटल संपतं ते गंजाने. त्यावर सविस्तर लिहितो.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. अँगलची टोकं विटांत घट्ट दाबलेली, त्यामुळे फुगायला वाव एकच: वर. टोकाच्या वरचा मसाल्याचा सांधा उचलला जातो. चिरेकडे नीट बघा. गंजाची चीर आडवी असते, लिंटलच्या पातळीवर, टोकापासून सुरू होऊन भिंतीत ३०-४० सेंमी जाते, आणि बोट फिरवलं तर वरची कड किंचित बाहेर आलेली लागते. चिरेत खिळा घातला तर तपकिरी पापुद्रे निघतात, बिस्किटाच्या थरांसारखे. झुकण्याची चीर वेगळी: ओपनिंगच्या वरच्या कोपऱ्यांतून निघून सांध्यासांध्याने पायऱ्या चढत मध्याकडे जाते, खाली रुंद आणि वर बारीक.

तिसरी चीर आपल्या काळ्या मातीची. कोपऱ्यातून तिरकी निघते, झुकण्याच्या चिरेसारखीच दिसते, पण ऋतूप्रमाणे बदलते. मे महिन्यात माती आक्रसते तेव्हा उघडते, पावसाळ्यात मिटते. चिरेच्या दोन टोकांना पेन्सिलने रेघ आणि तारीख, मध्ये काचेची पट्टी चिकटवून ठेवा. सहा महिन्यांत उत्तर मिळतं. माती हलत असेल तर लिंटल बदलून पैसा वाया जाईल.

आता रंगाचं. फॅब्रिकेटर लाल ऑक्साइडचा एक हात मारून आणतो. खाली गिरणीतून आलेली निळसर-काळी पापडी तशीच असते. ती सुटली की रंग तिच्यासकट सुटतो. आधी ग्राइंडरला वायर ब्रश लावून धातूची चकाकी येईपर्यंत साफ, मग झिंक फॉस्फेट प्रायमर, वर इपॉक्सीचे दोन हात. बाहेरच्या भिंतीला, विशेषतः नैऋत्येकडे तोंड असलेल्या, जिथे जुलै-ऑगस्टचा पाऊस सपासप मारतो, तिथे गॅल्वनाइझच. आयएस ४७५९ प्रमाणे ५ मिमी आणि जास्त जाडीला ६१० ग्रॅम प्रति चौ. मीटर जस्त, म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉन. कापणं आणि बोल्टची भोकं सगळं गॅल्वनाइझच्या आधी उरका. साइटवर वेल्ड केलं की तिथलं जस्त जळतं, म्हणून थापीताईंनी सांगितलेले बोल्ट बरे. आणि टोकं! भिंतीत जाणारी टोकं दिसत नाहीत म्हणून उघडी सोडतात, आणि गंज तिथूनच सुरू होतो.

जिप्सम प्लास्टर लोखंडाला थेट लागू देऊ नका. सिमेंटचा मसाला अल्कली असतो, लोखंड जपतो. जिप्सम तसं करत नाही, आणि ओल आली की गंज वाढवतो. आतल्या बाजूला अँगलवर कोंबडीजाळी बांधून सिमेंट प्लास्टर, मग वाटलं तर वर जिप्समचा हात. मसाल्याला बोअरचं खारट पाणी वापरू नका. बाहेरच्या कडेला खाली १० मिमीची पाणखाच द्या, म्हणजे पाणी अँगलच्या पोटाखाली सरकत आत येणार नाही. उघड्या विटांचं काम असेल तर पहिल्या थरात दर ६०० मिमीला एक उभा सांधा मोकळा सोडा, आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला.

अवनी

मांडवीकर काका, मांडवी-सुलतानपुरा भागातल्या जुन्या वाड्यांना हेच लागू होतं का? दीड-दोन फुटी भिंती, चुना, आणि दारावर सागवानी पाट. गणेशपट्टी असलेली चौकट काढून तिथे दुकानाचं शटर करायचं, ही मागणी नेहमीची आहे.

मांडवीकर

त्या भिंती बाहेरून विटांच्या दिसल्या तरी पोटात बऱ्याचदा तुकडे आणि मातीचा भराव असतो. तिथे कमान धरू नका. वरच्या भिंतीची पूर्ण उंची आणि तिच्यावर टेकलेल्या तुळया, सगळं लिंटलवर आहे असं समजून हिशोब. ४५० च्या भिंतीत निदान तीन चॅनल लागतात, दोन कडांना आणि एक मध्ये, वर सलग प्लेट. शिवाय सागवानी पाट अनेकदा भिंतीतल्या लाकडी पट्ट्यांना सांधलेला असतो. तो ओढून काढला की शेजारच्या घराची भिंतही हलू शकते, कारण मधली भिंत सामायिक. आधी शेजारच्या बाजूने बघून या. आणि शक्य असेल तर चौकट जागीच ठेवा. बडोदा कॉलेजच्या इमारतीत वास्तुकार चिझम यांनी विटांच्या कमानींवर एवढा मोठा घुमट उभा केला. जुनं विटकाम नीट समजून घेतलं तर बरंच काही पेलतं, पण मधूनच कापलेलं त्याला चालत नाही.

थापी

उभ्या भिंतीत ओपनिंग पाडायचा क्रम लिहिते. हा चुकला तर वरचे सगळे हिशोब निरुपयोगी. स्लॅब टेकलेली ९ इंची भिंत, दोन चॅनल.

भिंतीच्या दोन्ही बाजूंना, साधारण ६०० मिमी अंतरावर, जॅकची रांग. दोन जॅकमध्ये मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वर-खाली फळी. तुम्ही पहिल्या मजल्यावर असाल तर खालच्या मजल्यावरही बरोबर त्याच जागी जॅक. नाहीतर वरचं वजन खालच्या स्लॅबच्या मध्यावर उतरतं. प्लास्टर खरवडून आधी विटा बघा. वायरिंगचा पाइप, पाण्याची लाइन, जुनं लिंटल, सगळं आत्ताच कळू दे.

बेडब्लॉक आधी. सोळा किलोन्यूटन एका टोकाला येतात. दोन चॅनलच्या तळाची रुंदी १३०, बेअरिंग १५० म्हणजे विटेवर ०.८ न्यूटन प्रति चौ. मिमी, आणि साध्या विटकामाला धरतो ०.५. म्हणून बेअरिंग २०० करा आणि खाली २३०×२३०×१५० चा काँक्रीट ब्लॉक. आधीच ओतून पिकवलेला असेल तर थांबावं लागत नाही.

मग भिंतीच्या एकाच बाजूने खाच: ११५ खोल, चॅनलच्या उंचीपेक्षा ५० जास्त. कटरने कापा. ब्रेकर मशीन लावू नका, धक्क्याने वरचे सांधे सुटतात. चॅनल आत, लेव्हल, टोकांखाली लोखंडी पाचर. चॅनलच्या वर २०-२५ मिमी फट राहते, त्यात १:३ चा कोरडा मसाला. किती कोरडा? मुठीत दाबला तर गोळा राहतो आणि हाताला पाणी लागत नाही, इतका. लाकडी पट्टीने ठोकून ठोकून भरायचा, कडेपासून कडेपर्यंत. हा थर सैल राहिला की बाकीचं काम कितीही चांगलं असो, जॅक काढताना भिंत तेवढे मिमी खाली बसते. काम घाईचं असेल तर न आकसणारं ग्राउट, पोत्यावर लिहिलेल्या पाण्याच्या मापात.

तीन दिवसांनी दुसरी बाजू, तसंच. मग बोल्ट. चॅनलच्या टोकापुढे १० मिमी जागा सोडा, ती मसाल्याने गच्च भरू नका.

रावपुराकर

टोकापुढची जागा कशाला?

गुण्या

उन्हासाठी. लोखंड विटेपेक्षा जवळजवळ दुप्पट पसरतं. २.१ मीटरचा अँगल ३० अंश तापला की पाऊण मिमी लांब होतो. लहान वाटतं, पण टोक गच्च असेल तर वीट ढकलतो. ३ मीटरच्या वरच्या शटर-लिंटलला टोकाच्या उभ्या चिरा याच्याच.

थापी

पुढे. दुसऱ्या बाजूचा मसाला भरून सात दिवस झाल्यावरच खालच्या विटा काढा, वरून खाली, थराथराने. जॅक काढताना मध्यापासून सुरुवात, टोकांकडे जात, प्रत्येकाला आधी अर्धा फेरा सैल करून थोडा वेळ थांबा. टोकांचे आधी काढले तर मधल्या जॅकवर बीम उलटं वाकतं. सगळे निघाले की मध्यावर खालून दोरी ताणून झुकाव मोजा आणि लिहून ठेवा.

रावपुराकर

मोजलेला झुकाव हिशोबापेक्षा जास्त आला तर? समजा १.९ ऐवजी ४.

ओळंबा

आधी टोकं तपासा. चॅनल वाकलाय की पाचरींवर बसलाय, हे कळायला टोकाची पातळीही मोजावी लागते. टोकं २ मिमी खाली गेली असतील तर चॅनलचा झुकाव बरोबर आहे, बेअरिंगखालचा मसाला दबलाय. जॅक पुन्हा चढवून पाचर ठोका आणि मसाला नव्याने भरा. टोकं जागेवर असून मध्य ४ गेला असेल तर वजन धरण्यात चूक आहे: बहुधा स्लॅब दुसऱ्या बाजूनेही टेकतोय किंवा वर कुणीतरी भिंत चढवली आहे. अशा वेळी जॅक परत लावून वरच्या मजल्यावर जाऊन बघायचं, प्लास्टर त्यानंतर.